एकच तर कासव

घरातलं माणूस गेलं की त्याच्या मागे राहिलेल्या वस्तूंचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक घराला कधी ना कधी पडतो. कपडे कुणाला तरी देता येतात. चष्मा कपाटात ठेवता येतो. उरलेल्या गोळ्या टाकून देता येतात. पण मागे राहिलेलं जर जिवंत असेल आणि रोज खायला मागत असेल, तर काय करायचं?

लिफ्टवाल्यांपुढे हाच प्रश्न होता. त्यांना नाव होतं, दारावर पाटीही होती, पण सारा जन्म इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेल्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानदारापासून स्वतःच्या जावयापर्यंत सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणत. जावई तेवढा पाठीमागे म्हणे.

त्यांची बायको जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी काचेची एक पेटी होती, आणि त्या पेटीत तिचं कासव होतं. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, माशांच्या दुकानात मिळतं तसलं. आणलं तेव्हा नाण्याएवढं होतं. मान उंच करून ते दरबार भरल्यासारखं इकडेतिकडे बघायचं, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं राजे. आता राजे जेवणाच्या ताटलीएवढे झाले होते आणि पेटी होती तेवढीच राहिली होती. वळायचं म्हटलं की पाठ काचेवर आपटायची. दिवसभर घरात तेवढाच एक आवाज. ठक. ठक.

पाणी बदलायचं काम बायको करायची. आता ते राहून जायचं. कुठेतरी लिफ्ट अडकली की निघावं लागायचं, परत आल्यावर अंगात त्राण नसायचं. मुलगी आली की दारातच नाकाला पदर लावायची.

"बाबा, ह्याचं काहीतरी करा. अहो, घरात श्वास घेववत नाही."

"करतो," ते म्हणायचे.

काय करायचं ते ठरलेलंच होतं. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवसांत बायकोला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. अंगातली ताकद संपली होती, साधी सर्दीसुद्धा तिला झेपली नसती. तिथे एका दुपारी ती म्हणाली होती, "राजांना त्या काचेत मरू देऊ नका हो. मोकळ्या पाण्यात सोडा." ते म्हणाले, "सोडतो." उभ्या संसारात तिने त्यांच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. हे एक मागितलं आणि तेही अजून झालं नव्हतं. रोज ती ठकठक ऐकली की त्यांना वाटायचं, कुणीतरी आपल्याला आठवण करून देतंय.

नदीवर ते एकदा जाऊन आले होते. पाणी काळं होतं, वर फेस तरंगत होता. बागेतल्या तळ्यावर गेले तर तिथे माणसं गळ टाकून बसलेली. असल्या ठिकाणी सोडणं म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. ते तसेच परत आले.

मग एके दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, रविवारी आपण शहराबाहेरच्या त्या अभयारण्यात जाऊ या का? पाणथळ आहे, खूप पक्षी येतात. अहोआईपण येणार आहेत. तुम्ही घराबाहेर पडा जरा." सासूला ती अहोआई म्हणायची.

लिफ्टवाल्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. अभयारण्य! तिथे मासेमारी नाही, होड्या नाहीत, पाणी स्वच्छ, वर सरकारी पहारा. राजांना ह्याहून चांगली जागा कुठली!

"जाऊ या," ते इतक्या पटकन म्हणाले की मुलगी बघतच राहिली.

रविवारी सकाळी त्यांनी ओल्या पंच्यात राजांना गुंडाळलं आणि हत्यारांच्या कापडी पिशवीत ठेवलं. बरोबर खाण्याच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबाही घेतला. निघताना पोटभर खाऊ घालावं, एवढाच हेतू. मुलीला काही सांगितलं नाही. ती नियमावर बोट ठेवणारी. झाल्यावर सांगू, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

गाडीत विहीणबाई पुढे बसल्या होत्या. मोठ्या सरकारी इस्पितळात त्या मेट्रन होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. आवाज बारीक, पण त्यांनी नुसतं "हं?" म्हटलं तरी वॉर्डातले डॉक्टर हातातलं काम थांबवून सरळ उभे राहायचे म्हणे.

"व्याहीबुवा, सुट्टीच्या दिवशी हत्यारांची पिशवी? पक्ष्यांची लिफ्ट बिघडलीय का?"

"सवय," लिफ्टवाले म्हणाले आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली. आतून एक पाय पंच्याला ढोसत होता.

अभयारण्याच्या फाटकापाशी रांग होती. तिथला वनरक्षक धिप्पाड, पिकल्या मिशांचा आणि तुटक बोलण्याचा होता. तो प्रत्येकाची बॅग उघडून बघत होता. कुणाचा स्पीकर ठेवून घेतला, कुणाची पावाची पिशवी. "पक्ष्यांना पाव घालायचा नाही. त्यांना काम आहे, तुम्हालाच नाही."

बाजूला मोठा फलक होता. बाहेरचे प्राणी, मासे, रोपे, बिया आत आणू नयेत. लिफ्टवाल्यांनी तो वाचला. हे घाण करणाऱ्या लोकांसाठी असेल, असं त्यांना वाटलं. आपण कुठे घाण करतोय? आपण तर वचन पाळतोय. तरी त्यांनी पिशवी बगलेत सरकवली.

"पिशवीत काय?"

"औषधं," ते म्हणाले.

"एवढी?"

"वय झालं आता."

वनरक्षकाने हात पुढे केला, तेवढ्यात मागे कुणाचं तरी मूल आत पळालं आणि तो ओरडत तिकडे धावला. लिफ्टवाले पुढे सरकले. विहीणबाई शेजारीच होत्या. त्यांनी नुसतं पिशवीकडे बघितलं.

आत जायच्या आधी जंतुनाशकात भिजवलेला एक मोठा स्पंज पसरला होता. त्यावर बुटांचे तळवे घासून मगच पुढे जायचं. दुसऱ्या तळ्यातला चिखल, त्यातले जंतू, शेवाळ बुटाला चिकटून आत येऊ नये म्हणून.

"हे बरं केलंय," विहीणबाई खूश होऊन म्हणाल्या. "आमच्या वॉर्डात हे करायला मला किती भांडावं लागलं होतं!"

लिफ्टवाल्यांनीही दोन्ही बूट नीट घासले. बगलेत कासव धरून.

पाण्यावरून फळ्यांची अरुंद वाट गेली होती. दोन्ही बाजूंना डोक्याइतकं पाणकणीस वाढलेलं. वाट जिथे उघड्यावर यायची तिथे लांबवर चमकतं पाणी दिसायचं आणि त्यावर पक्षीच पक्षी. अर्ध्या पाण्यात बुडालेल्या एका ओंडक्यावर लहान लहान काळसर कासवं ओळीने ऊन खात बसली होती.

"बाबा, बघा, किती शहाण्यासारखी बसलीत!" मुलगी कुजबुजली.

बायको असती तर तिने एकेकाला नाव ठेवलं असतं. राजांना सोबतही मिळणार, असं लिफ्टवाल्यांना वाटलं. आणि बरोबर त्याच वेळी पिशवीने उसळी मारली.

"औषधं फार जोराची दिसतात," विहीणबाई म्हणाल्या.

"वारा आहे," लिफ्टवाले म्हणाले. पाणकणसाचं एक पातंसुद्धा हलत नव्हतं.

पुढे पक्षी बघायला लाकडी मचाण होतं. लिफ्टवाल्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही जाऊन या वर. मी खालीच बसतो."

"लिफ्टवाल्याला जिना चढवत नाही, हे बाकी खरं," विहीणबाई म्हणाल्या आणि सुनेमागून वर गेल्या. अर्ध्या जिन्यावरून त्यांनी एकदा वळून बघितलं.

आता वेळ दवडून चालणार नव्हतं. मचाणाच्या मागे फळ्या संपून थोडी उघडी काठाची जमीन होती. लिफ्टवाले तिथे उकिडवे बसले, पंचा सोडला. उन्हात राजांची पाठ हिरवी चमकली. डब्यातल्या गोळ्या पुढे टाकल्या, पण राजांनी तोंड लावलं नाही. मान ताणून ते नुसते पाण्याकडे बघत राहिले. एवढं पाणी त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"जा," लिफ्टवाले म्हणाले. "तिने सांगितलंय."

त्यांनी राजांना हलकेच पुढे ढकललं. पाणी डुचमळलं. हिरवी पाठ एकदा दिसली आणि नाहीशी झाली. झालं. इतक्या महिन्यांचं ओझं उतरलं. आता हलकं वाटायला हवं होतं. पण हलकं काही वाटेना.

"काय सोडलंत पाण्यात?"

मागे विहीणबाई उभ्या होत्या.

"काही नाही. हात धुतले."

"व्याहीबुवा, पेशंटने गादीखाली लपवलेली सिगरेट मला दारातून कळायची. काय सोडलंत?"

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. सकाळपासून तीन-चारदा बोलून झालं होतं, आता आणखी जमेना.

"राजे," ते म्हणाले.

विहीणबाईंनी डोळे मिटून घेतले. "वर भिंतीवर चित्रं लावलीत. ह्या पाण्याला कशाकशाचा धोका आहे त्याची. त्यात पहिलंच चित्र तुमच्या राजांचं आहे, लाल पट्ट्यासकट. ते बघितलं, तुमची ती हलणारी पिशवी आठवली आणि तशीच खाली आले. काढा त्याला बाहेर."

"आता कसं काढणार? गेलं ते."

"व्याहीबुवा!"

"तिने सांगितलं होतं!" लिफ्टवाल्यांचा आवाज चढला. जवळच्या झाडावरून दोन बगळे उडाले. "मरताना सांगितलं होतं तिने, मोकळ्या पाण्यात सोडा म्हणून! शेवटची इच्छा होती तिची. तुम्ही काय मला चित्रं दाखवता?"

विहीणबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "तिच्या खोलीत जाताना तुम्ही काय काय करत होतात?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"सांगा तर खरं."

"हात धुवायचो. तो झगा घालायचो, तोंडाला फडकं. चपला बाहेर."

"आणि तुमची मेहुणी फुलं घेऊन आली होती त्या दिवशी?"

लिफ्टवाल्यांनी ओला पंचा पिळायला घेतला. तो दिवस त्यांना नको होता.

"मी तिथेच होते," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही दार अडवून उभे राहिलात. सख्ख्या बहिणीची फुलं तुम्ही आत जाऊ दिली नाहीत. तिचं प्रेम कमी पडलं होतं का?"

"नाही हो. रडत गेली बिचारी."

"मग का अडवलंत?"

"फुलांबरोबर जंतू जातात. हिला ते सोसलं नसतं."

"मग ही जागा काय वेगळी आहे? हेही सगळं कमजोर झालेलं, जेमतेम तग धरून राहिलेलं. ही लहान कासवं आता बाकी कुठे उरलेली नाहीत म्हणून तर इथे पहारा. तुमचे राजे ह्यांच्यापेक्षा मोठे, दांडगे. ह्यांचं खाणं खाणार, ह्यांना उन्हातून उठवणार, कुणाची अंडीपिल्लंही सोडणार नाहीत. पेटीतल्या घाणीतला कसला रोग बरोबर आणलाय ते आणखी वेगळंच. बूट पुसून आलात ना मघाशी? कशासाठी पुसलेत? माझ्या उभ्या नोकरीत वॉर्डात रोग आणला तो शत्रूंनी नाही, व्याहीबुवा. माया करणाऱ्या नातेवाइकांनीच आणला. आज ती फुलं घेऊन आत शिरलेले तुम्ही आहात."

"पण एवढं मोठं पाणी!" लिफ्टवाले कळवळून म्हणाले. "त्यात एकच तर कासव! एकाने काय होतंय?"

बोलून गेले, आणि स्वतःचेच शब्द कानावर पडून ते जागच्या जागी थबकले.

हे वाक्य त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. लिफ्ट भरलेली असते, घंटा वाजत असते, दार मिटत नसतं. आणि शेवटी आत शिरलेला माणूस म्हणतो, मी एकटाच तर आलो, एकाने काय होतंय? दोर ताणला गेला, ब्रेक घासला गेला, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकली, की माणसं बाहेर काढायला हेच जायचे. आत शिरताना कुणालाही आपण जादा आहोत असं वाटलेलं नसायचं. किती जणांशी ह्यावरून ते भांडले होते! आणि आज घंटा वाजत असताना आत शिरलेला माणूस ते स्वतः होते!

मुलगी जिन्यावरून धावत आली. दोघांची तोंडं आणि रिकामा पंचा बघून तिला सगळं कळलं. तिने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाबा, चला. निघू या आपण. कुणी बघितलं नाही."

"मी बघितलंय," विहीणबाई म्हणाल्या.

"अहोआई, प्लीज! हा गुन्हा आहे. ह्या वयात बाबांना कुठे चौकीत बसवताय? आधीच त्यांचं काय कमी झालंय?" तिचे डोळे भरून आले. "चला बाबा. उचला पिशवी."

लिफ्टवाल्यांनी पिशवी उचलली. खरं सांगायचं तर त्यांना जायचंच होतं. ते फळ्यांवर चढले, चार पावलं चाललेसुद्धा. आणि त्यांची नजर ओंडक्याकडे गेली.

डुबुक. एक लहान कासव पाण्यात पडलं. डुबुक. दुसरं. डुबुक. ओंडक्याच्या टोकावरून कुणीतरी जड अंगाने वर सरकत होतं, वाटेतल्याला खांद्याने ढकलत होतं. हिरवी पाठ, उंच मान. मघाशी शहाण्यासारखी बसलेली ती ओळ बघता बघता मोडली. सगळ्या ओंडक्यावर एकटे राजे उरले आणि दरबार भरल्यासारखे इकडेतिकडे बघू लागले.

त्यांचा काय दोष? त्यांना कुणी विचारून आणलं होतं?

"नाही!" लिफ्टवाले म्हणाले. "असं नाही जायचं! मी सांगून येतो त्याला."

"बाबा!"

पण ते निघाले होते. फाटकाकडे, जितकं भरभर चालता येईल तितकं. गुडघे दुखतात हे त्यांच्या ध्यानातही राहिलं नाही.

वनरक्षकाने सगळं ऐकून घेतलं. मिशी थरथरली.

"औषधं म्हणालात ना? हेच औषध?"

"खोटं बोललो. काय शिक्षा असेल ती करा. पण आधी त्याला काढा."

"कुठे आहे?"

"ओंडक्यावर. मचाणाजवळ."

लांब दांड्याचं जाळं उचलून वनरक्षक निघाला. पण त्याची पावलं फळ्यांवर वाजली मात्र, राजांनी पाण्यात उडी घेतली. चौघेही काठावर उभे राहून बघत राहिले. पाण्यावर एक रेघ उमटली आणि ती पाणकणसाच्या दिशेने निघाली.

"संपलं," वनरक्षक दबक्या आवाजात म्हणाला. "तिथे आत शिरलं तर संपलं. आत पाणकोंबड्या अंड्यांवर बसल्यात. मला तिथे पाय ठेवता येत नाही. ठेवला तर त्या उडणार आणि अंडी कावळे खाणार. काठाजवळ आलं तरच जाळं टाकता येईल. बोलावल्यावर येतं का तुमचं कासव?"

बोलावल्यावर येत होतं. पण ज्या माणसाच्या बोलावण्याला येत होतं ते माणूस गेलं होतं.

रोज संध्याकाळी बायको त्या पत्र्याच्या डब्यावर अंगठीने वाजवायची आणि म्हणायची, 'या राजे, ताट वाढलंय. उशीर केलात तर मांजर खाईल.' घरात मांजर कधीच नव्हतं. ती गेल्यापासून लिफ्टवाले मुकाट्याने गोळ्या टाकायचे आणि वळायचे. ते शब्द त्यांच्याच्याने उच्चारवत नव्हते. ते आपण म्हटले की ती आता म्हणणार नाही हे पक्कं होणार, असं काहीतरी त्यांना वाटायचं.

त्यांनी डबा काढला. बोटातल्या अंगठीने झाकणावर वाजवलं. टिक टिक टिक. पाण्यावरची रेघ पुढेच चालली होती.

"या राजे," ते पुटपुटले.

"मोठ्याने," विहीणबाई म्हणाल्या. "ती काय एवढ्या हळू बोलायची?"

"ती?" लिफ्टवाल्यांच्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच बाहेर पडलं. "तिचा आवाज तळमजल्यावर जायचा."

"मग?"

त्यांनी डबा जोरात वाजवला आणि छातीत जेवढी हवा होती तेवढी सगळी लावून हाक मारली, "या राजे! ताट वाढलंय! उशीर केलात तर मांजर खाईल!"

मुलीने तोंडावर हात घेतला. आईचे शब्द आईनंतर तिने पहिल्यांदाच ऐकले.

रेघ थांबली. पाणकणसाच्या अगदी तोंडाशी पाण्यातून एक लहानसं नाक वर आलं. वनरक्षकाने जाळं गुडघ्याशी धरलं होतं, हलवतसुद्धा नव्हता.

"या राजे. ताट वाढलंय." आता लिफ्टवाल्यांचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "या हो. उशीर केलात तर..."

नाक बुडालं. मुलगी हळूच म्हणाली, "गेलं."

आणि मग काठापासून हातभर अंतरावर लाल पट्ट्याचं डोकं वर आलं, तोंड उघडं, जेवायला तयार. जाळं पडलं. पाणी उसळलं. वनरक्षकाने एका झटक्यात राजांना काठावर घेतलं. लिफ्टवाले चिखलात मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. कुणी त्यांना गप्प केलं नाही.

कचेरीच्या मागे सिमेंटचा एक हौद होता. कागदपत्रं करायच्या आधी वनरक्षकाने त्यांना तिथे नेलं.

"बघा आत."

आत पाणी दिसतच नव्हतं. पाठींवर पाठी, पाठींवर पाठी. सगळ्यांच्या डोळ्यामागे लाल पट्टा. एकमेकांच्या अंगावर चढत होती, घसरत होती.

"ही सगळी इथल्या पाण्यातून काढलेली," वनरक्षक म्हणाला. मघाचा राग आता त्याच्या आवाजात नव्हता, थकवा होता. "कुणाचं घर बदललं. कुणाच्या मुलाची हौस फिटली. कुणाचं माणूस गेलं. वाईट माणूस एकही नव्हता हो. सगळे हात जोडून सोडून गेले. आणि प्रत्येकाने एकच सोडलं होतं."

लिफ्टवाल्यांनी दंड भरला. मग वनरक्षकाने विचारलं, "ह्याला इथे हौदात टाकायचं का? चालेल तसं. सुटाल तुम्ही."

सुटाल! त्या शब्दाने ते दचकले. सुटायलाच तर आपण आलो होतो. नाव बायकोच्या इच्छेचं घेतलं, पण सुटायचं होतं आपल्याला. त्या ठकठकीतून, त्या वासातून, रोज गोळ्या टाकताना होणाऱ्या आठवणीतून.

"नाही," ते म्हणाले. "घरी नेतो."

घरी आल्यावर चार दिवस ते कामावर गेले नाहीत. जावयाला हाताशी धरून त्यांनी गॅलरीत मोठी टाकी बसवली, पाणी स्वच्छ ठेवायला मोटार लावली, ऊन खायला तिरकी फळी ठोकली. राजांना आता न आपटता वळता येत होतं, पोहता येत होतं. जावई टाकीभोवती फिरून म्हणाला, "एवढी मोठी गॅलरी होती आपल्याकडे, आधी का नाही सुचलं?" काचेची पेटी लहान पडतेय हे तर सगळ्यांनाच दिसत होतं.

एका संध्याकाळी विहीणबाई टाकी बघायला आल्या. चहा झाल्यावर लिफ्टवाल्यांनी मनात सलत होतं ते विचारलं. "विहीणबाई, मी तिचं वचन मोडलं म्हणायचं का?"

विहीणबाई म्हणाल्या, "तिला त्याचे हाल नको होते. मोकळं पाणी हा तिला माहीत असलेला उपाय होता. उपाय चुकीचा होता, कारण तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या माणसाची माया पाळायची असते, व्याहीबुवा. त्याची चूकही पाळलीच पाहिजे असं नाही."

लिफ्टवाल्यांनी रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "खरं आहे."

वाचकहो, हे एका कासवाचं नाही. मासे, पोपट, ससे, कुत्र्यामांजरांची पिल्लं, आपण हौसेने घरी आणतो. हौस सरते, जीव सरत नाही. मग आपण त्याला तळ्यावर, रानात नेऊन सोडतो आणि पुण्य केल्यासारखे घरी येतो. ती दया नव्हे. आपलं ओझं दुसऱ्याच्या दारात टाकून पळणं आहे ते, आणि हे दार अशांचं, ज्यांना तक्रारही करता येत नाही. राखलेलं पाणी, राखलेलं रान सगळ्यांचं असतं, म्हणूनच ते आपल्या एकट्याच्या सोयीचं नसतं. जीव घरी आणायच्या आधी दहादा विचार करावा. आणलाच, तर शेवटपर्यंत तो आपला.

विहीणबाई उठल्या, टाकीत डोकावल्या आणि बाह्या वर केल्या.

"ब्रश कुठाय? कोपऱ्यात शेवाळ तसंच ठेवलंय तुम्ही."

"अहो, राहू द्या. पाहुण्या बाईने टाकी घासायची म्हणजे..."

"मेट्रन कधी पाहुणी नसते. आणा इकडे."

लिफ्टवाल्यांनी दोन ब्रश आणले.